टमी टकनंतर त्वचेखाली रक्त साचलं तर: हीमॅटोमाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टमी टक (पोटाची सैल त्वचा आणि चरबी काढण्याची शस्त्रक्रिया) करून घरी आलेल्यांसाठी आणि त्यांच्या उशाशी बसलेल्या घरच्यांसाठी ही माहिती आहे. हीमॅटोमाच्या बाबतीत सगळे निर्णय एकाच प्रश्नावर ठरतात: रक्त अजून वाढतंय, की थांबलंय? थांबलेल्या रक्ताला वेळ देता येतो, वाढणाऱ्या रक्ताला नाही. म्हणून खाली जिथे जिथे मोजायला आणि लिहून ठेवायला सांगितलं आहे, तिथे आळस करू नका.

हीमॅटोमा म्हणजे नेमकं काय होतं?

टमी टकमध्ये ओटीपोटावर आडवा छेद घेतात आणि त्वचा व चरबीचा जाड पदर स्नायूंवरून सुटा करत पार बरगड्यांच्या कडेपर्यंत नेतात. सैल पडलेले स्नायू मध्यरेषेवर टाक्यांनी आवळतात, जास्तीची त्वचा कापून टाकतात, बेंबीला नव्या जागी वाट करून देतात आणि तो पदर खाली ओढून शिवतात. पदर आणि स्नायू यांच्यामध्ये त्यामुळे एक मोठी, चपटी पोकळी उरते. स्नायूंमधून वर त्वचेकडे येणाऱ्या कितीतरी बारीक रक्तवाहिन्या या कामात कापून बंद केलेल्या असतात. त्यातली एखादी पुन्हा उघडली की रक्त या पोकळीत उतरतं आणि साकळतं. तोच हीमॅटोमा.

हे रक्त आतड्यांच्या जागी, पोटाच्या आत साचत नाही. ते त्वचेखाली असतं. पण पोकळी इतकी पसरट असते की अर्धा लिटर रक्तही तिथे फार फुगवटा न दाखवता सामावू शकतं. ऑपरेशननंतर पोटाला बांधायचा पट्टा लावलेला असेल तर आणखीच कमी दिसतं. ‘सूज तर फारशी नाही’ एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही ते म्हणूनच.

क्वचित रक्त याहून खोल, स्नायूच्याच आवरणात साचतं. स्नायू आवळताना टाक्याची सुई आतल्या मोठ्या रक्तवाहिनीला लागली तर असं होतं. तेव्हा बाहेरून डाग दिसत नाही आणि ड्रेनमध्येही (साचणारा स्राव बाहेर काढायला पोकळीत ठेवलेल्या नळीत) काही येत नाही, पण दुखणं मात्र जबरदस्त असतं.

हे कधी होतं?

बहुतेक वेळा पहिल्या २४ ते ४८ तासांत. ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब मुद्दाम थोडा कमी ठेवलेला असतो, शिवाय रक्तस्राव कमी व्हावा म्हणून टोचलेल्या द्रावणात अ‍ॅड्रिनलीन असतं. त्याने रक्तवाहिन्या आकसतात. काही तासांनी हा परिणाम ओसरतो, रक्तवाहिन्या सैलावतात आणि नेमकं त्याच सुमारास भूल उतरताना रक्तदाब चढतो, मळमळतं, उलटी होते, खोकला येतो. ऑपरेशनच्या टेबलावर कोरडी दिसलेली जागा खोलीत आल्यावर का वाहू लागते, त्याचं कारण हे आहे. शस्त्रक्रियेत निष्काळजीपणा झाला असा अर्थ दर वेळी काढू नये. पुन्हा उघडून पाहिलं तरी बऱ्याचदा वाहणारी अशी एक ठळक रक्तवाहिनी सापडत नाही.

दुसरी धोक्याची वेळ येते साधारण पहिल्या आठवड्यानंतर. दुखणं कमी झालेलं असतं, माणसाला बरं वाटतं आणि तो बादली उचलतो, लहान मुलाला कडेवर घेतो, माळ्यावरचं सामान काढतो. त्या एका हिसक्याने कच्ची खपली सुटते.

उच्च रक्तदाब, रक्त पातळ करणारी औषधं, तंबाखू, आणि बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेने खूप वजन उतरवल्यानंतर केलेली टमी टक, या सगळ्यांत शक्यता वाढते. खूप वजन उतरलेल्या माणसाच्या लोंबत्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या मोठ्याच राहिलेल्या असतात.

काळानिळा डाग, सेरोमा आणि हीमॅटोमा यांत फरक कसा करायचा?

काळानिळा डाग जवळजवळ सगळ्यांनाच पडतो. तो चपटा असतो, हाताला गाठ लागत नाही. जांभळा, मग हिरवट, मग पिवळा होत दोन-तीन आठवड्यांत जातो. रक्त वजनाने खाली ओघळतं, त्यामुळे तो जननेंद्रियांच्या भागात आणि मांड्यांवर उतरलेला दिसतो. पुरुषांमध्ये अंडकोशाची पिशवी चक्क काळी पडते. बघायला भयंकर वाटलं तरी नुसता डाग खाली सरकत असेल आणि फुगवटा नसेल तर ते निरुपद्रवी असतं.

सेरोमा म्हणजे पिवळसर पाण्यासारखा स्राव साचणं. हीमॅटोमापेक्षा हे बरंच जास्त आढळतं आणि येतं सावकाश, बहुधा ड्रेन काढल्यानंतरच्या दिवसांत. पोटावर एका बाजूने टिचकी मारली की दुसऱ्या बाजूला लाट गेल्यासारखं जाणवतं. दुखत फारसं नाही.

हीमॅटोमा तासातासाने बदलतो. बहुधा एकाच बाजूला, ताणलेला, टणक, त्वचा चकाकणारी, वर जांभळी झाक, आणि गोळी घेऊनही न हटणारी वाढती ठणक. मात्र बेंबीखालची त्वचा ऑपरेशननंतर बधिर असते. तिथे दुखण्यापेक्षा ‘आतून कोणीतरी फुगवतंय’ असा ताणच जास्त जाणवतो. दुखत नाही म्हणून ठीक आहे, असं धरू नका.

ताप, लाली आणि वास येणारा स्राव ही जंतुसंसर्गाची खूण आहे आणि ती बहुधा काही दिवसांनी दिसते. पोटरी सुजून दुखणं किंवा अचानक धाप लागणं हा विषय वेगळाच आहे, त्याबद्दल पुढे.

घरी कसं मोजायचं?

एक साधं बॉलपेन, शिंप्याकडची मोजपट्टी आणि मोबाइल पुरतो.

फुगवटा किंवा जांभळा भाग दिसला की त्याच्या कडेने पेनाने रेघ ओढा आणि रेघेशेजारी वेळ लिहा: ‘रात्री ९.१५’. तासाभराने पाहा. रंग रेघेबाहेर गेला, पण भाग मऊच आहे, तर डाग पसरतोय. टणकपणा रेघेबाहेर गेला, तर रक्त वाढतंय.

पोटाचा घेर मोजायचा तर दर वेळी त्याच पातळीवर, त्याच स्थितीत, पट्टा सैल करून मोजा. त्वचेवर दोन ठिपके करून ठेवले की पट्टी चुकत नाही. दोन तासांत घेर दोन-तीन सेंटीमीटरने वाढला तर ती नेहमीची सूज नव्हे. फोटो समोरून आणि दोन्ही बाजूंनी, त्याच दिव्याखाली, तेवढ्याच अंतरावरून काढा. डॉक्टरांना एक फोटो पाठवून फारसा उपयोग होत नाही. तासाच्या अंतराने काढलेले दोन फोटो शेजारी ठेवले की त्यांना लगेच उमगतं.

नाडी मोजा. शांत पडून असताना मिनिटाला १०० च्या वर जाऊन तिथेच राहिली तर ती धोक्याची घंटा आहे. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारख्या गोळ्या चालू असतील तर रक्त जात असतानाही नाडी वाढत नाही. अशांनी नाडीच्या आकड्यावर विसंबू नये.

ड्रेनमध्ये किती रक्त येणं ठीक आहे?

पहिल्या दिवशी लाल स्राव येणारच. दोन्ही नळ्यांचे मिळून २४ तासांत १०० ते २०० मिली आले तर घाबरायचं कारण नाही. पुढे आकडा उतरत जातो आणि रंग लालवरून गुलाबी, गुलाबीवरून पिवळसर होतो. एका नळीतून सलग दोन दिवस २४ तासांत ३० मिलीपेक्षा कमी आलं की ती काढतात. सर्जननुसार हा आकडा थोडा बदलतो.

वाचायचा असतो तो कल. समजा वहीत असं आहे: सकाळी ८ ला ४० मिली लाल, दुपारी ४ ला ३० मिली गुलाबी, रात्री ११ ला २० मिली गुलाबी. हे छान चाललंय. आता हे पाहा: सकाळी ४०, दुपारी ३०, रात्री ११ ला ९० मिली गडद लाल, मध्यरात्री १२ ला आणखी ८०. रंग उलटा फिरला आणि वेगही वाढला. इथे सकाळची वाट पाहायची नाही. एका तासात १०० मिलीच्या आसपास ताजं लाल रक्त म्हणजे ताबडतोब फोन, मग घड्याळात कितीही वाजले असोत.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे: दुपारी ४० मिली, मग संध्याकाळी शून्य, रात्री शून्य, आणि पोटाच्या त्याच बाजूला ताण. घरचे खूश होतात की स्राव थांबला. खरं तर गुठळीने नळी बंद केलेली असते आणि रक्त आत साचत असतं. ड्रेन असला म्हणजे हीमॅटोमा होत नाही, हा मोठा गैरसमज आहे. ड्रेन पातळ स्राव ओढतो. साकळलेलं रक्त एवढ्याशा नळीतून येत नाही.

ड्रेन रिकामा करायची आणि तुंबलेली नळी मोकळी करायची योग्य पद्धत कोणती?

हात साबणाने धुवा. आधी नळी मोकळी करा: जिथे नळी त्वचेतून बाहेर येते तिथे डाव्या हाताच्या चिमटीत ती घट्ट धरा, म्हणजे टाक्यावर ओढ येणार नाही. उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने नळी चेपत चेपत बाटलीच्या दिशेने न्या. बोटांना थोडं सॅनिटायझर लावलं तर ती सहज सरकतात. गांडुळासारखी लांबट गुठळी सरकताना दिसते. तीन-चार वेळा केलं की बहुधा निघते.

मग नळीवरची क्लिप लावा, बूच उघडा, मापाच्या कपात ओता. बाटलीवरच्या खुणांवर जाऊ नका, बाटली तिरकी असली की त्या चुकतात. नंतर फुगा किंवा घडीची बाटली पूर्ण दाबून धरा, दाबलेली असतानाच बूच लावा आणि मगच क्लिप सोडा. बाटली चेपलेली राहिली पाहिजे. रिकामी केल्यावर लगेच ती फुगत असेल तर कुठून तरी हवा शिरतेय आणि ओढ नाहीये. नळीत पाणी किंवा सलाइन ढकलून ती साफ करण्याचा उद्योग घरी कधीही करू नका. जंतू थेट आत जातात.

रात्री शंका आली तर आधी काय करायचं?

सर्जनला किंवा हॉस्पिटलच्या ड्यूटी डॉक्टरांना फोन करा. मेसेज टाकून वाट पाहू नका. फोनवर सांगायचं ते थोडक्यात असं: ऑपरेशन कधी झालं, कोणत्या बाजूला फुगवटा आहे, किती वेळात वाढला, ड्रेनचे शेवटचे तीन आकडे आणि रंग, नाडी, बीपी, शेवटचं रक्त पातळ करणारं इंजेक्शन किती वाजता दिलं, शेवटचं खाणं-पिणं कधी.

त्या क्षणापासून काही खाऊ-पिऊ नका, चहाचा घोटही नको. पुन्हा भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं. घरचे हमखास इथे चुकतात: ‘अशक्त वाटतंय’ म्हणून ग्लुकोजचं पाणी किंवा दूध पाजतात आणि ऑपरेशन काही तास लांबतं.

डोकं थोडं उंच आणि गुडघ्याखाली उशी, अशा स्थितीत पडून राहा. चक्कर येत असेल तर डोकं सपाट करा, पण गुडघे वाकलेलेच ठेवा, नाही तर टाक्यांवर ताण येतो. पट्टा आहे तसाच राहू द्या, वरून आणखी आवळू नका.

घाम, फिकटपणा, उभं राहताच डोळ्यांसमोर अंधारी, वरचा रक्तदाब ९० च्या आसपास, लघवी अगदी कमी, गोंधळल्यासारखं बोलणं यातलं काही असेल तर फोनवर वेळ घालवू नका. थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या किंवा १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत जाऊ नये.

रुग्णालयात काय करतात?

तपासून बघणं हीच मुख्य परीक्षा असते. पदर ताणलेला आणि फुगवटा वाढता असेल तर अनुभवी सर्जन सोनोग्राफीसाठी थांबत नाही, रुग्णाला परत ऑपरेशन थिएटरमध्ये घेतो. शंका असेल तर सोनोग्राफी, आणि खोल स्नायूतला रक्तस्राव वाटत असेल तर सीटी स्कॅन.

हिमोग्लोबिन, प्लेटलेट, पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) आणि रक्तगट जुळवणी यांसाठी रक्त घेतात. रक्त जातं तेव्हा पेशी आणि पाणी एकाच प्रमाणात जातात, त्यामुळे सुरुवातीच्या तासांत हिमोग्लोबिन फारसं उतरलेलं दिसत नाही. सलाइन गेल्यावर आणि शरीरातलं पाणी रक्तात आल्यावर ते उतरतं. म्हणून पहिला रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला एवढ्यावर कोणी घरी पाठवत असेल, तर चार-सहा तासांनी पुन्हा तपासायला सांगा.

पुन्हा ऑपरेशन करावंच लागतं का?

वाढणारा किंवा मोठा हीमॅटोमा असेल तर हो, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं. तोच छेद उघडून गुठळ्या काढतात, सलाइनने पोकळी धुतात, वाहणाऱ्या जागा डायथर्मीने (विजेच्या उष्णतेने) बंद करतात, नवा ड्रेन घालून पुन्हा शिवतात. ऐकायला मोठं वाटतं, पण पहिल्या ऑपरेशनच्या मानाने हे काम खूप छोटं असतं. वेळेत काढलेल्या हीमॅटोमानंतर पोटाचा अंतिम आकार बहुतेकांचा व्यवस्थितच येतो. नुकसान होतं ते उशिराने.

उशिराचं नुकसान म्हणजे काय, तेही स्पष्ट सांगतो. वर ओढून शिवलेल्या पदराचा रक्तपुरवठा आधीच तुटपुंजा झालेला असतो. खालून रक्ताचा दाब आला की उरलासुरला प्रवाहही आकुंचतो आणि छेदाच्या वरचा मधला भाग काळा पडून मरू शकतो. तिथली जखम भरायला कित्येक आठवडे जातात आणि व्रण रुंद राहतो. साचलेलं रक्त जंतूंना आयतं खाद्य असतं. आणि तसंच राहून गेलं तर भोवती जाड आवरण धरून कायमची पोकळी तयार होते, जी शेवटी कापूनच काढावी लागते.

लहान, मऊ, न वाढणारा हीमॅटोमा मात्र पट्टा, विश्रांती आणि दर एक-दोन दिवसांनी तपासणी यांवर सोडता येतो. काही मिली रक्त शरीर स्वतःच शोषून घेतं.

‘सुईने काढून टाका ना’ असं का चालत नाही?

ताजी गुठळी कलेजीसारखी असते. ती कितीही जाड सुईतून येत नाही. साधारण सात ते चौदा दिवसांत ती विरघळून काकवीसारखी काळपट, पातळ होते. तेव्हा सोनोग्राफीत जागा बघून जाड सुईने ओढता येते. त्वचा बधिर असल्याने बहुतेकांना टोचल्याचं फारसं कळतही नाही. एकदा काढून भागेलच असं नाही, काही दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा काढावं लागू शकतं. प्रत्येक वेळी किती मिली निघालं ते लिहून ठेवा: ६०, ३५, १५ असा उतरता आकडा हवा.

हे काम निर्जंतुक पद्धतीनेच व्हायला हवं. ओळखीच्या कंपाउंडरकडून घरी सिरिंज टोचून घेणं म्हणजे हीमॅटोमाचं गळू करून घेणं.

दुखण्यावर कोणती गोळी चालेल?

पॅरासिटामॉल. ६५० मिलिग्रॅमची गोळी दर सहा तासांनी, म्हणजे दिवसाला चार, यकृताचा त्रास नसेल तर. त्याहून जास्त लागत असेल तर डॉक्टर वेगळं वेदनाशामक लिहून देतील. आणि एक लक्षात घ्या, वाढत जाणारी वेदना दाबून टाकायची नसते, कळवायची असते.

अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक यांनी प्लेटलेटचं काम मंदावतं. सर्जनने सांगितल्याशिवाय ती घेऊ नका. घोळ नावांमुळे होतो: डिस्प्रिन आणि इकोस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन, कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन असतं, व्होवेरान म्हणजे डायक्लोफेनॅक. गोळीच्या पट्टीवर मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं औषधाचं मूळ नाव वाचायची सवय लावा.

माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या आणि हळदीच्या अर्काच्या गोळ्या, जिन्को, जिनसेंग हे ऑपरेशनच्या आधी साधारण दोन आठवडे बंद ठेवायला सांगतात आणि नंतरही परवानगीनेच सुरू करतात. भाजीतली हळद आणि फोडणीतला लसूण यांना हात लावायची गरज नाही.

सेराशिओपेप्टिडेज, ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिन या ‘सूज उतरण्याच्या’ गोळ्या आपल्याकडे सर्रास दिल्या जातात. त्यांनी हीमॅटोमा विरघळत नाही. वरून चोळायचं मलमही तेवढ्या खोल पोचत नाही. पाळीतल्या जास्त रक्तस्रावासाठी दिलेल्या ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या अनेक घरांत असतात. त्या मनाने घेऊ नका. हे औषध सर्जन वापरतात, पण पायात गुठळी होण्याचा धोका पाहून.

रक्त पातळ करणारं इंजेक्शन चालू आहे. हीमॅटोमाच्या भीतीने बंद करू का?

नाही. टमी टकनंतर पायातल्या शिरांत गुठळी होण्याचा धोका इतर बऱ्याच सौंदर्य शस्त्रक्रियांपेक्षा जास्त असतो. माणूस वाकून चालतो, कमी हलतो, आवळलेल्या पोटामुळे पायांकडून वर येणारं रक्त मंदावतं. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. हीमॅटोमा त्रासदायक असतो, पण बहुधा जीवघेणा नसतो. म्हणून इनॉक्सापॅरिनचा (रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनचा) डोस स्वतः चुकवायचा नाही.

मात्र पुढच्या डोसच्या वेळी पोट फुगत असेल किंवा ड्रेन लाल झाला असेल, तर इंजेक्शन टोचण्याआधी सर्जनला फोन करा. डोस थांबवायचा, पुढे ढकलायचा की द्यायचा, हे तेच ठरवतील. हृदयात स्टेंट असलेल्यांनी आपल्या गोळ्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवू नयेत.

पोटरीत दुखणं-सूज, अचानक दम लागणं, छातीत कळ: यासाठी सर्जनच्या फोनचीही वाट न पाहता थेट रुग्णालय.

पट्टा किती घट्ट असावा?

पट्टा आणि त्वचा यांमध्ये दोन बोटं सहज जावीत. सुरकुती राहू देऊ नका. वळ्या पडलेल्या जागी बधिर त्वचेवर दाब पडून जखम होते आणि कळतही नाही. रक्त वाहत असताना पट्टा घट्ट करून ते थांबत नाही, उलट पदराचा रक्तपुरवठा कमी होतो. बाळंतपणानंतर पोट बांधायची सवय असलेल्या घरांत ‘जितकं घट्ट तितकं पोट आत’ अशी समजूत असते. इथे ती लागू होत नाही.

शेक, बर्फ, तेल लावलं तर?

गरम पाण्याची पिशवी, शेगडीचा शेक, गरम वाळूची पुरचुंडी यातलं काहीही नको. कारणं दोन: उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि बधिर त्वचेला चटका कळत नाही. टमी टकनंतर हीटिंग पॅडने भाजलेली त्वचा हा नेहमीचा आणि पूर्ण टाळता येण्यासारखा प्रकार आहे. बर्फही थेट नको, पदराचा रक्तपुरवठा त्याने आणखी घटतो. सर्जनने सांगितलाच तर जाड कापडात गुंडाळून, थोडा वेळ. तेलाची मालीश आणि हळद-तुरटीचे लेप छेद पूर्ण भरेपर्यंत बंद.

खोकला, शिंक, संडास, झोप: यांचं काय?

खोकला किंवा शिंक येणार असं वाटलं की उशी पोटावर दोन्ही हातांनी दाबून धरा आणि कंबरेत थोडं वाका. सर्दी असेल तर ऑपरेशनच पुढे ढकलावं, हे बरं. मळमळ सुरू होताच उलटी थांबवणारी गोळी घ्या, उलटी झाल्यावर नाही.

कुंथणं सर्वांत वाईट. वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होतं, म्हणून पहिल्या दिवसापासून इसबगोल किंवा लॅक्टुलोज विचारून सुरू करा आणि पाणी भरपूर प्या. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणून ठेवा, उकिडवं बसणं आणि तिथून उठणं पहिले काही आठवडे नको.

झोपताना पाठीमागे उशा लावून ३० ते ४५ अंश, गुडघे वाकलेले. उठताना कुशीवर वळून, हाताच्या रेट्याने, कोणाचा तरी आधार घेऊन. पण पडून राहायचंही नाही: जागेपणी दर दोन तासांनी घरातल्या घरात वाकून चार फेऱ्या मारा. पाच किलोच्या वरचं वजन सहा आठवडे उचलू नका. रक्तदाबाची गोळी चुकवू नका, ऑपरेशननंतरच्या गडबडीत तीच राहून जाते.

मिश्रीचं डॉक्टरांना सांगायला हवं का?

नक्की सांगा. ‘धूम्रपान करता का?’ या प्रश्नाला बायका खरं तेच उत्तर देतात, ‘नाही’. मिश्री, तंबाखू, गुटखा यांबद्दल विचारलेलंच नसतं. निकोटिन तोंडातून गेलं तरी रक्तवाहिन्या तितक्याच आकसतात. हीमॅटोमाखाली दबलेल्या पदराला तेवढं निमित्त पुरतं. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान चार आठवडे पूर्ण बंद.

रक्त गेल्यावर अशक्तपणा किती दिवस राहतो?

हिमोग्लोबिन ९-१० वर आलं तर बहुतेकांना रक्त चढवायची गरज पडत नाही. प्रकृती स्थिर असेल तर साधारण ७ च्या खाली गेल्यावर तो विचार करतात, हृदयरोग असेल तर त्याआधीच. लोहाची गोळी जेवणाआधी, लिंबूपाण्याबरोबर. चहा दोन तास दूर. गोळीने शौच काळी होते, ते रक्त नव्हे. तीन-चार आठवड्यांत एक-दोन ग्रॅमची भर पडते.

गावी कधी परतता येईल?

मुंबई-पुण्यात ऑपरेशन करून चौथ्या दिवशी लांबच्या प्रवासाला निघणं आम्हाला पटत नाही. ड्रेन निघेपर्यंत हॉस्पिटलपासून तासाभराच्या अंतरावर राहा. परदेशातून येऊन ऑपरेशन करणाऱ्यांनी परतीचं तिकीट किमान दोन-तीन आठवड्यांनंतरचं आणि तारीख बदलता येण्यासारखं काढावं. निघताना डिस्चार्ज कार्डावर ड्रेनचे आकडे, हीमॅटोमा झाला असेल तर काय केलं ते, आणि चालू औषधं लिहून घ्या.

महिना झाला, एक टणक गाठ उरली आहे. ती काय?

बहुधा शोषली जात असलेली गुठळी, किंवा रक्तपुरवठा न मिळाल्याने कडक झालेली चरबी. एकदा सोनोग्राफी करून आत पातळ काही नाही ना, हे पाहावं. नसेल तर सर्जनच्या परवानगीने, साधारण चौथ्या आठवड्यानंतर, बोटांच्या पोटांनी दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं गोलाकार मालीश करा. अशा गाठी मऊ व्हायला तीन ते सहा महिने लागतात. वरची तपकिरी झाक रक्तातल्या लोहाची असते, ती सावकाश फिकी होते, तोवर ऊन टाळा. व्रण किंवा आकार सुधारण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार सहा महिने ते वर्षभरानंतर. गाठ मोठी होत असेल, लाल-गरम झाली किंवा ताप आला, तर मालीश थांबवून त्याच दिवशी दाखवा.

पुन्हा थिएटरमध्ये नेलं तर खर्च कोण देतं?

सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया मेडिक्लेममध्ये बसत नाही, आणि तिच्या गुंतागुंतीचा दावाही बऱ्याचदा नाकारला जातो. म्हणून ऑपरेशनच्या आधीच लेखी विचारा: हीमॅटोमासाठी परत घेतलं तर सर्जनची फी लागेल का, भूल, थिएटर, औषधं आणि खोली यांचं काय, आणि मध्यरात्री गरज पडली तर त्या हॉस्पिटलात थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्ताची सोय आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘दुसरीकडे न्यावं लागेल’ असं आलं, तर ऑपरेशन तिथे करू नका.